पिवळ्या दोऱ्याच्या मरळी

अजिनाथनं मोटारसायकल बंदही केली नाही. दारासमोर एक पाय जमिनीला टेकवून तो नुसताच म्हणाला, "आप्पा, दादांनी बोलवलंय. तळ्यावर."

मल्लिनाथ आप्पा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. चौसाळ्यातल्या त्यांच्या घरासमोरून दिवसभर माणसं जात-येत, पण त्यांच्यासाठी म्हणून थांबणारं आताशा कुणी उरलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

"म्हाळूनं? मला?"

"तुमालाच. तळं तर गेलंच. हत्तीखडकापाशी तेवढं ढोपरभर पाणी राह्यलंय. त्यात मासे निघालेत. तुमचे हायत म्हणत्यात."

"माझे कसे?"

"ते दादांनाच इचारा. बसा म्हणलं तर बसा. मला मांजरसुंब्याला जायचंय, ढाब्यावर आंध्राचा माल यायचाय."

आंध्राचा माल म्हणजे बर्फात घालून ट्रकनं आलेली मासळी. ज्याच्या बापानं आणि आज्यानं हत्तीखडकाच्या तलावातला मासा साऱ्या चौसाळ्याला आणि लिंबागणेशला खाऊ घातला, तो म्हाळूचा पोरगा अजिनाथ आता हायवेवरच्या ढाब्यात परमुलखातले मासे कापत होता. हे आप्पांमुळं झालं असं तो कधी तोंडानं बोलला नव्हता. पूर्वी आप्पा रस्त्यात दिसले की तो गाडी थांबवायचा. दोन वर्षांपासून थांबवत नव्हता, एवढंच.

आप्पा चपला सरकवून मागं बसले. वाटेत आप्पांना बोलायचं होतं, पण काय बोलायचं हे ठरेपर्यंत चौसाळा मागं पडलं, मग ज्वारीची मोकळी रानं मागं पडली, आणि मग बोलण्याची वेळ निघून गेली. जन्मभर त्यांचं असंच होत आलं होतं.

मल्लिनाथ हा चौसाळ्यातल्या लिंगायत वाण्याचा मुलगा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. अशा घरातल्या पोराला माशांचं वेड कुठून लागलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. शाळा बुडवून तो वर्गातल्या म्हाळू भोयाबरोबर तळ्यावर जायचा. म्हाळू बापाला जाळं ओढू लागायचा आणि हा काठावर बसून एकेका माशाकडं असा बघत राहायचा की म्हाळूला हसू फुटायचं.

"वाण्या, खायाचं न्हाई तर बघतुस कावून बे?"

याचं उत्तर मल्लिनाथला कधीच देता आलं नाही. त्या बघण्याचीच मात्र त्यानं पुढं नोकरी केली. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकला, समुद्रकाठच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत लागला आणि निवृत्त होईपर्यंत एकच काम करत राहिला: पाण्यात मासे किती आहेत ते सांगण्याचं.

लग्नाकार्यात पाहुणे विचारायचे, "म्हणजे तुम्ही समुद्रातले मासे मोजता? एक, दोन, तीन असे?" आणि सगळे हसायचे. तोही ओशाळून हसायचा. खरं तर त्यालाही अधूनमधून वाटायचं, की हे जरा हसण्यासारखंच आहे. पहाटे बंदरावर जायचं, होड्यांमधून उतरलेल्या ढिगातले बांगडे आणि तारल्या पट्टीवर ठेवून मोजायच्या. माशाच्या कानात खड्यासारखं एक हाड असतं. ते घासून भिंगाखाली धरलं की झाडाच्या बुंध्यासारखी वर्षाची वळी दिसतात. त्यावरून वय काढायचं. लहान किती आणि थोराड किती यावरून दरसाल किती मरतात ते काढायचं, आणि शेवटी, मागं पाण्यात किती उरले असतील तो अंदाज बांधायचा. जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज. आयुष्यभर त्यानं एवढंच केलं, आणि प्रत्येक अंदाज कागदावर उतरवण्याआधी तीनतीनदा तपासला. खात्री होईपर्यंत तो काही छापायलाच देत नसे, म्हणून त्याचं नाव फारसं झालं नाही, बढत्याही उशिरा मिळाल्या. पण कुणाला बरं वाटावं म्हणून त्यानं कधी आकडा वाढवला नाही की कुणाच्या भीतीनं कमी केला नाही. त्याच्याकडं अभिमान धरण्यासारखं एवढं एकच होतं, आणि तेही तो कुणाला सांगत नसे.

मासा त्यानं कधी चाखला नाही. शांतादेवी, त्यांची बायको, त्यांच्या कपड्यांची बादली बाहेरच ठेवायची. संध्याकाळी ते आले की दारातूनच विचारायची, "आलात का समुद्र मोजून?"

"उरला थोडा."

"मग उद्या जा. आधी हातपाय धुवा, तिथंच, बाहेर."

इतकी वर्षं रोज हेच बोलणं. कुठल्या दिवशी ती विसरली तर आप्पा दारात थांबून राहायचे.

निवृत्तीनंतर दोघं चौसाळ्याला परत आली. मुलगी पुण्यात, तिचा तिचा संसार. आल्यानंतर थोड्याच दिवसांनी म्हाळू भेटायला आला. आता तो मच्छीमार सोसायटीचा चेअरमन होता, मिशा पांढऱ्या, पण बोलणं तेच.

"आप्पा, जगाचं मोजलंत, आता आमच्या तळ्याचं मोजा की."

अडचण खरी होती. हत्तीखडकाच्या तलावात मरळ हा मासा मोप. त्याला बी सोडावं लागत नाही, तो तिथंच वाढतो. पावसाळ्यात मरळीची जोडी काठच्या गवतात पिलं काढते आणि लाल पिलांच्या घोळक्याला दोघं नरमादी राखण करत फिरवतात. त्यामुळं भोई लोकांचा जुना शिरस्ता होता, की मिरगापासून पोळ्यापर्यंत काठाला जाळं लावायचं नाही, आणि एरवीही बारीक आसाचं, म्हणजे बारक्या भोकांचं जाळं पाण्यात उतरवायचं नाही. आता तरुण पोरं म्हणत होती, की मासा रग्गड आहे, बंदी कशाला पाळायची? म्हातारे म्हणत होते, पाळायची. सोसायटीत भांडणं लागली होती.

"तुमी सांगाल तसं करतो," म्हाळू म्हणाला. "तुमचा आकडा समदे मानत्यात."

आप्पांनी त्याला आत नेऊन ज्वारीचं पोतं दाखवलं. "हे बघ. ह्यात किती दाणे आहेत ते सगळे न मोजता सांगायचंय. मग मी काय करीन? ओंजळभर दाणे लाल रंगवून पोत्यात टाकीन आणि चांगले कालवीन. मग दुसरी ओंजळ भरून काढीन. त्यात लाल दाणे बरेच आले, तर पोतं लहान. एखाददुसराच आला, तर पोतं फार मोठं. कळलं?"

"कळलं. म्हंजे मरळी रंगवायच्या."

"रंगवायच्या नाहीत. पाठीच्या पराजवळ पिवळा दोरा टोचायचा आणि सोडून द्यायच्या. नंतर तुमच्या जाळ्यात दोऱ्याच्या किती येतात ते बघायचं."

सोसायटीच्या बैठकीत आप्पांनी, कधी नव्हे ते उभं राहून, सगळ्यांना सांगितलं, "दोऱ्याची मरळ सापडली की दोरा मला आणून द्या. मासा तुमचा, दोरा माझा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच दिवसांत शांतादेवींच्या पोटातलं दुखणं साधं नाही हे कळलं. आठवड्यातले निम्मे दिवस बार्शीच्या दवाखान्यात आणि निम्मे तळ्यावर, असं आप्पांचं सुरू झालं. म्हाळू जिवंत मरळी पाण्याच्या टपात आणून द्यायचा. आप्पा एकेक हातात घ्यायचे, पट्टीवर ठेवायचे, लांबी विसरू नये म्हणून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, दोरा टोचायचे आणि दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडायचे. सोमवारी घरून पूजा करून निघालेले असायचे, कपाळाची विभूती घामानं खाली उतरलेली असायची.

एक दिवस शांतादेवी म्हणाली, "मलाही न्या. आयुष्यभर ज्यांच्यापायी बादली वेगळी ठेवली, ते बघू तरी."

ती बाभळीच्या सावलीत शाल पांघरून बसली. म्हाळूची बायको बायनाबाई तिला अक्का म्हणायची, ती तिच्या पायाशी बसून वारा घालत होती. आप्पांनी एका मोठ्या मरळीला दोरा टोचला आणि वळून बघतात तर शांतादेवी उठून पाण्यापाशी आलेली.

"झाली मोजून?"

"झाली."

"मग द्या माझ्याकडं. मी सोडते."

आप्पांना वाटलं ती थट्टा करतेय. पण तिनं हात पुढं केले होते. ज्या बाईनं जन्मात मासळीला बोट लावलं नव्हतं, तिच्या वाळक्या हातांत ती काळपट, जड मरळ शांत पडून राहिली. शांतादेवीनं वाकून ती पाण्यात धरली. "जा बाई," म्हणाली. मरळ गेली. मग तिनं सवयीनं हात जोडले, जसे ती उंबऱ्याला जोडायची, गाईला जोडायची.

बायनाबाई बघत होती.

त्यानंतर जाळी पडत राहिली. दोरे मात्र परत येईनात. आले ते एकदोनच, तेही लिंबागणेशच्या एका गळ टाकणाऱ्या माणसानं आणून दिलेले. भोयांच्या जाळ्यांतून एकही नाही. आप्पा विचारात पडले. पुढच्या पिढीच्या पोरांना शिकवताना ते नेहमी सांगायचे, की खूण परत आली नाही म्हणून ती सापडलीच नाही असं धरू नका. आधी माणसांना विचारा. मग पुन्हा विचारा.

त्यांनी म्हाळूला विचारलं. म्हाळू जाळं दुमडत होता, तो पाण्याकडं बघत म्हणाला, "न्हाई बा आप्पा. आमच्या जाळ्यात न्हाई घावली."

पुन्हा विचारायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी बार्शीला जायचं होतं, आणि लहानपणापासूनच्या माणसाला तेच पुन्हा विचारायचं म्हणजे तू खोटं बोलतोस असं म्हणण्यासारखं होतं. आप्पांना ते जमलं नाही. त्यांनी हिशेब मांडला. लाल दाणे जवळपास आलेच नव्हते. म्हणजे पोतं फार मोठं. दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यांनी सोसायटीला लिहून दिलं, की तळ्यात मरळ भरपूर आहे, पोळ्यापर्यंतची बंदी उठवली आणि बारीक जाळी वापरली तरी भागेल.

शांतादेवी त्या हिवाळ्यात गेली. तिला समाधी दिली तेव्हा भोईवाड्यातल्या साऱ्या बाया आल्या होत्या. बायनाबाई सगळ्यांत मागं उभी राहून इतकी रडली, की लोकांनी वळून बघितलं.

पुढच्या पावसाळ्यात काठाला जाळी लागली. पिलांवर राखण करणाऱ्या जोड्या जागच्या हलत नाहीत, सहज सापडतात. पहिलं वर्ष दणक्यात गेलं. दुसऱ्या वर्षी हाताएवढ्या मरळी आल्या, मग बोटाएवढ्या, आणि मग नुसतं शेवाळ. त्यात पाऊस रुसला. भोईवाड्यातली निम्मी घरं कोयता घेऊन साखर कारखान्यांकडं गेली, अजिनाथ ढाब्यावर गेला. आणि म्हाळूचं चौसाळ्याला येणं थांबलं.

कुठं चुकलं हे आप्पांना कळत नव्हतं. त्यांनी गणित पुन्हा पुन्हा केलं. ते दर वेळी बरोबरच येई.

बांधावर गाडी थांबवून अजिनाथ म्हणाला, "उतरा. पुढं भेगा हायत, गाडी जात न्हाई. मी हितंच थांबतो."

तलावाचा तळ उघडा पडला होता, पांढरट, तडकलेला. मधोमध हत्तीच्या पाठीसारखा खडक होता. पाणी असताना त्याचं टाळकं तेवढं दिसायचं, आता तो पायांपासून उघडा होता. त्याच्या सावलीत गढूळ पाण्याचा एक डोह होता आणि काठावर म्हाळू नि बायनाबाई ओल्या पोत्यांची चळत घेऊन बसली होती.

"या," म्हाळू म्हणाला. आवाजात राग नव्हता आणि ओलावाही नव्हता. "वाण्याला चालायचं लई जड जातंय आता."

"वय झालं."

"झालं खरं."

बायनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आप्पा, बारीक झालात लई. जेवायचं कोण बघतंय?"

"मीच करतो काहीतरी."

"काहीतरी म्हंजी काय? भाकरी येती का?"

"येते. गोल नाही येत."

ती हसली आणि लगेच गप्प झाली. मग म्हाळू डोहात उतरला, त्यानं पाण्यात दोन्ही हात घातले आणि चाचपून एक मरळ वर काढली. भलीथोरली, मांडीएवढी. पाठीच्या परापाशी शेवाळलेला, मळलेला, पण पिवळाच असा एक दोरा लोंबत होता.

आप्पा पुढं झाले. म्हाळूनं ती परत पाण्यात सोडली आणि दुसरी काढली. तिलाही दोरा. तिसरीलाही. डोहात आणखी काळ्या पाठी वळवळत होत्या आणि जिथं पाणी उथळ होतं तिथं पिवळे ठिपके दिसत होते. आप्पांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच सोडून दिलं. सगळ्याच दोऱ्याच्या होत्या. बिनदोऱ्याची एकही नव्हती.

"ह्या... ह्या कशा राहिल्या?"

"कशा म्हंजी?" बायनाबाई म्हणाली. "आमी राखल्या की. जाळ्यात आली दोऱ्याची, की ह्ये हळूच सोडवून परत पाण्यात घालायचे. समद्या भोयांस्नी ह्यांनी शपथ घातलती. एकबी मारली न्हाई आमी, आप्पा. अक्काच्या नवसाच्या मरळी, आमी कशा खाऊ?"

आप्पांनी दोऱ्यावरची नजर काढून तिच्याकडं बघितलं.

"नवस कुणी तोंडानं सांगतं व्हय?" म्हाळू म्हणाला. "तुमी बैठकीत मोजणीचं सांगितलंत, दोरा आणून द्या म्हणलंत, तवाच कळलं मला. सांगायचं न्हाई म्हून सांगताय. सोमवारी इभूत लावून यायचं, मंतर पुटपुटायचे, येकेक मासा हळूच सोडायचा. आन् घरात अक्का आजारी. न कळायला आमी काय येडे हावोत? आन् मग अक्कानं सोताच्या हातानं सोडली ती मरळ. शिवत नसलेली बाई."

"तुमी इचारलंतन् मला," तो पुढं म्हणाला, "तवा न्हाई घावली म्हणलो मी. जन्मात तुमाशी खोटं बोललो न्हवतो. नवस फुटू नये म्हून बोललो. पर ते मनाला लागून राह्यलंय, आप्पा. आज सांगून टाकतो."

आप्पा खडकाला टेकून खाली बसले. ऊन लागलं असं वाटून बायनाबाईनं कळशीतलं पाणी पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, प्यायला मात्र विसरले.

त्यांच्या डोळ्यांपुढं ज्वारीचं पोतं उभं होतं. कुणीतरी ओंजळ भरून दाणे काढतं, त्यातला लाल दाणा दिसला की जपून वेचतं, पुन्हा पोत्यात टाकतं, आणि लाल एकही आला नाही म्हणून सांगतं. पुन्हा ओंजळ, पुन्हा तसंच. मग मोजणाऱ्याला ते पोतं अथांग वाटेल, नाही तर काय होईल? गणित बरोबर होतं. दोरे परत आले नव्हते, कारण मरळी परत पाण्यात गेल्या होत्या, आणि मरळी परत पाण्यात गेल्या होत्या, कारण ह्या लोकांना शांता जगायला हवी होती.

"पर आमची राखण कमी पडली," बायनाबाई खाली बघत म्हणाली. "त्या लिंबागणेशच्या मुडद्यानं गळाला लावल्या दोन. मला कळलं तवाच काळजात धस्स झालं. नवस तुटला. दोन महिन्यात अक्का गेल्या. मी कुणापाशी बोलले न्हाई, आप्पा. आमीच जरा नजर ठिवली असती काठावर..."

म्हणून ती त्या दिवशी सगळ्यांत मागं उभी राहून रडली होती. इतकी वर्षं हे ती एकटी घेऊन बसली होती.

"बाई," आप्पा म्हणाले. "नवस तिच्या आयुष्याचा नव्हता."

बायनाबाईनं वर बघितलं.

"डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, फार दिवस नाहीत म्हणून. नवस एवढाच होता, की तिला त्रास होऊ नये. झोपेत जावी. तशीच गेली ती. नवस पुरा झाला, बाई. तुम्ही राखल्या म्हणून झाला."

शांतादेवी झोपेत गेली नव्हती. शेवटचे दिवस फार वाईट गेले होते. पण बायनाबाईच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरलं, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

म्हाळू डोहातून बाहेर आला. त्यानं पायाचा गाळ खडकावर पुसला आणि आप्पांच्या समोर उकिडवा बसला.

"आता येक मला सांगा. म्या त्यासाठीच बोलवलंय. नवसाचं नवसापाशी. मोजणी तुमी खरंच केलती का न्हाई?"

"केली होती."

"मग तुमी म्हणलता, मासा मोप हाय. बंदी उठवा. तुमच्या शब्दावर मी पोरांच्या हातात बारीक जाळी दिली. माझा बाप पोळ्याच्या आत काठाला जाळं लावू देत न्हवता. मी लावू दिलं. मग मासा गेला कुठं? पोरं काय काय बोलत्यात तुमाला. म्या आयकून घेत न्हाई. म्हणलं, आप्पाच्या तोंडून आयकायचं."

एका वाक्यात सांगता आलं असतं. म्हाळू समजला असता, डोकं तल्लख होतं त्याचं, पोत्याचं त्याला एकदा सांगितल्यावर कळलं होतं. आप्पांच्या माथ्यावरचा दोष उतरला असता. आणि मग म्हाळूनं ह्या तडकलेल्या तळाकडं बघितलं असतं, आपल्या हातांकडं बघितलं असतं, ज्या हातांनी प्रत्येक दोऱ्याची मरळ जपून परत सोडली होती. बायनाबाईनं बघितलं असतं. अजिनाथला सांगितलं असतं.

"माझी चूक झाली, म्हाळू," आप्पा म्हणाले. "मोजणी चुकली."

"कशी चुकली?"

"माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हिचं दुखणं चालू होतं. घाईत हिशेब केला, तो चुकला. मासा होता त्याच्या कितीतरी पट लिहून दिला मी."

म्हाळू त्यांच्याकडं बघत राहिला. तो रागावला असता, शिवी दिली असती, तर आप्पांना बरं वाटलं असतं.

"घाईत," तो म्हणाला.

"हो."

"वाण्या, तू मासा हातात धरून तासभर बघत बसायचास. दुसऱ्या कुणी घाई केली म्हणलं असतं तर मी मानलं असतं."

आप्पांनी प्यायचं राहिलेलं पाणी बायनाबाईकडं परत दिलं.

म्हाळू उठला. त्यानं पोतं भिजवलं आणि एकेक मरळ उचलून त्यात ठेवायला लागला. ओल्या पोत्यात मरळ बराच वेळ जगते, तिला वरची हवा घेता येते. आप्पाही उठले आणि डोहात उतरले. दोघं म्हातारे गुडघाभर गाळात उभे राहून मासे काढत होते, एकानं काढायचे, दुसऱ्यानं पोतं धरायचं. शेवटची मरळ आप्पांच्या हाताला लागली. शांतादेवीनं सोडलेली ती हीच का, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. ती त्यांनी जरा जास्त वेळ धरली.

"कुठं नेणार?" त्यांनी विचारलं.

"हाय येक बारव. आटत न्हाई."

"म्हाळू, ह्या पिलं काढतील. थोराड आहेत सगळ्या. पाऊस झाला, तळं भरलं की ह्यांना परत इथं आणून सोड. चार-पाच पावसाळ्यांत पुन्हा मरळ होईल."

म्हाळूनं भरलेल्या पोत्याचं तोंड आवळलं.

"कावून?" तो म्हणाला. "पुन्हा मोजायला?"

आप्पांनी हातातली मरळ त्याच्याकडं दिली.

"अक्काच्या मरळी मी पोचवीन. त्यांची काळजी करू नका. तुमी मात्र संगट येऊ नका, आप्पा." मग त्याला ते फार कडक वाटलं असावं. "उनाचं चालवणार न्हाई तुमाला."

पोती डोक्यावर घेऊन ती दोघं निघाली. बायनाबाई चार पावलं गेली, थांबली, आणि कळशीत प्यायला उरलं होतं ते सगळं पाणी तिनं नवऱ्याच्या डोक्यावरच्या पोत्यावर ओतलं. पोतं हललं. मग दोघं बांधाच्या पलीकडं उतरली.

बांधावर अजिनाथ गाडी सुरू करून वाट बघत होता. आप्पा मागं बसले तेव्हा तो वळून म्हणाला, "हाताला वास येतोय तुमच्या. घरी जाऊन धुवा."

"धुतो," आप्पा म्हणाले. "बाहेरच धुतो."